आप्पांनी चुलाणातलं प्लॅस्टिक थांबवलं

दौंडजवळच्या राहू गावाच्या शिवारात हौशीराम आप्पांचं गुऱ्हाळ आहे. पावसाळ्यात उसाचं चिपाड ओलं होतं, जाळ धरत नाही. मग आजूबाजूच्या गुऱ्हाळांसारखे आप्पाही गुळाच्या कढईखालच्या चुलाणात टाकाऊ प्लॅस्टिक घालायचे. काळा धूर निघायचा, शेजारच्या शेवंतीच्या मळ्यावर काजळी बसायची. कुणी बोललंच तर आप्पा म्हणायचे, "सगळेच जाळत्यात."

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, जाळ घालणारा रामअवध धुरानं गुदमरून चुलाणापाशीच कोसळला. तो उत्तर प्रदेशातून आलेला, इथं त्याचं कुणी नाही. आप्पांनी स्वतः गाडी काढून त्याला दौंडला दवाखान्यात नेलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. तिथल्या नर्स मुक्ताबाई निवृत्तीला आलेल्या, ख्रिस्ती. त्यांनी चहा आणून दिला.

"देवानं शिक्षा केली मला," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला? ऑक्सिजन तर त्याला लावलाय, आप्पा."

रामअवध तिथं चार दिवस होता आणि आप्पा रोज येत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या बायबलातबी देव शिक्षा करतो म्हणं?"

"करतो. पण आधी सांगायला माणूस धाडतो." मुक्ताबाईंनी निनवे शहराची गोष्ट सांगितली. शहर मोठं, जुलूमही मोठा. योना नावाचा संदेष्टा तिथं जाऊन म्हणाला, चाळीस दिवसांत हे शहर उलथणार. ते ऐकून राजा सिंहासनावरून उतरला, अंगावर गोणपाट घेऊन राखेत बसला, आणि म्हणाला, ज्यानं त्यानं आपापला जुलूम सोडावा. शहर वाचलं.

"आताचे देश बघा," त्या म्हणाल्या. "जो तो शेजारच्या देशाची पापं मोजतो. निनवेनं स्वतःची मोजली."

रामअवध बरा झाला. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आप्पा उभे राहिले. "माझ्या धुरानं माणूस मरता मरता वाचला. आजपासून माझ्या चुलाणात प्लॅस्टिक जाणार न्हाई."

बाळासो हा दुसरा गुऱ्हाळवाला. तो म्हणाला, "आप्पा, दिल्लीत धूर हाय, चीनमधी धूर हाय. तुमच्या एका चुलाणानं काय हुतंय?"

"दिल्लीचं चुलाण माझ्या हातात न्हाई, बाळासो. हे हाय."

वाळलं जळण पुरेना, म्हणून त्या पावसाळ्यात त्यांचं गुऱ्हाळ निम्मेच दिवस चाललं. बायको रंगुबाई कुरकुरली नाही. धुतलेले कपडे बाहेर वाळत घालता येतात, एवढंच म्हणाली. उन्हाळ्यात आप्पांनी चिपाड साठवायला मोठी पत्र्याची शेड घातली. ती बघून आणखी पाच जणांनी घातली. बाळासोनं मात्र नाही.

त्याचा धूर दिसला की आप्पांचं डोकं फिरायचं. एकदा त्यांनी मुक्ताबाईंना फोन केला. "आम्ही सुधारलो, बाई, पण ह्यो न्हाई. ह्याच्यावर एकदा सरकारी धाड पडू दे. मी वाटच बघतोय."

मुक्ताबाई हसल्या. "गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला, आप्पा. शहर वाचलं म्हणून योना रुसला. कधी बुडतंय ते बघायला शहराबाहेर जाऊन बसला. देव त्याला म्हणाला, उजवं-डावं न कळणारी इतकी माणसं आहेत तिथं, आणि गुरंढोरंही पुष्कळ. मला त्यांची कीव येऊ नये?"

"गुरांचंबी नाव काढलं देवानं?"

"काढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी वाळल्या चिपाडाची ट्रॉली भरली आणि स्वतः ट्रॅक्टर चालवत बाळासोच्या दारात उभी केली.

"हे कशापायी?" बाळासोनं विचारलं.

"माझ्याकडं उरलंय. तुझ्याकडं ओलं हाय."

बाळासोनं गड्याला हाक मारली आणि दोघं मिळून चिपाड उतरवू लागले. आप्पाही खाली उतरून हात लावू लागले. यंदा बाळासोची शेडही उभी राहिली.

आप्पा आजही एकादशी धरतात, आणि नाताळाला ताज्या गुळाची ढेप घेऊन दौंडला जातात. मुक्ताबाई आता घरीच असतात. त्या म्हणतात, एवढा गूळ मला कशाला? आप्पा सांगतात, "बुडायच्या आधी सांगणारं माणूस समद्यांना भेटत न्हाई, बाई. मला भेटलं."