कमळीचं तिकीट

खोलीत तेव्हा चौघं व्हतो – मी, हापिसच्या लताबाई, ठाण्याहून आलेला कॉम्पुटरवाला संतोष आन् माझा जावई रमेश. मी सांगते, लताबाई टाईप करून देतात. भूत, चेटूक मी कधी मानलं नाय. घरची मेलेली माणसं नदीकाठी जाळली, परत कोण आलं नाय...

जव्हारला एका संस्थेच्या हापिसात मी झाडू मारते. माझी लेक कमळी तिथंच कोपऱ्यातल्या कॉम्पुटरच्या मशीनवर कामाला बसायची. भातलावणीच्या वक्ताला ती दाभोसाच्या नदीत सापडली. जावई म्हणला, पाय घसरला. मी तिला आंघोळ घातली – गळ्यावर बोटं उठलेली. मी बोलले, कोणी मनावर घेतलं नाय. तिची पोर साखरशेतला माझ्याकडं राहते.

त्या दुपारी संतोष म्हणला, "आजी, सकाळी पासवर्ड टाकला का मोठं मशीन माणसाला तिकीट देतं, दिवसभर आत काम करायची परवानगी. संपत आलं का वाढवून देतं. कुठवर वाढवायचं, त्याला इथं हद्दच नाही. कमळताईंचं अजून वाढतंय."

त्यानं सात दिवसांची हद्द घातली. तिचं नाव बी बंद केलं. मोठं मशीन बंद करून चालू केलं.

"गेलं," म्हणला. मंग परत पडद्यावर बघितलं. तिकीट परत वाढलेलं – कोपऱ्यातल्या मशीनवरनं. त्याची वायर त लताबाईंनी कधीच काढून ठेवलेली.

तेवढ्यात रमेश आला.

"पोर कुठं लपवलीस, थेरडे? आज नेणार."

"शाळेत हाय. देणार नाय."

"कोण अडवील? तू? फुंकलं त पडशील."

"मंग फुंक."

त्यानं केस धरून माझं डोसकं भितीवर आपटलं. दात पडला. संतोष मधी आला, त्याच्या पोटात लाथ घातली. मंग दोन्ही हात माझ्या गळ्यावर... आन् सुटले.

रमेश मागं ओढला गेला. मानंला धरून ओढावं तसा. पार कोपऱ्यापर्यंत. तोंड त्या मशीनच्या काचंवर आपटलं. परत आपटलं. काच फुटली तरी थांबंना. आम्ही तिघं दाराशी, त्याच्याजवळ कोणी नाय. "सोड कमळे," एवढंच बोलला, मंग जबडा मोडला. एक डोळा गेला.

लोक म्हणतात, तिघांनी मिळून हाणला. हाणला असता त सांगितलं असतं.

आता तो पोशेऱ्याला भावाकडं पेज पिऊन पडून हाय. पोरीचं नाव काढत नाय. संतोष फोनवर म्हणतो, हद्द तशीच हाय, तिकीट हद्दीपल्याड वाढतंय, का ते त्याला कळत नाय. मला बी नाय.

वाचणाऱ्यांत कोणी हे संतोषसारखं काम करत असंल आन् ह्या हापिसात आलात, त तिच्या तिकिटाला हात लावू नका. हद्द घालायचीच त पोर मोठी होईस्तरची घाला.