कोल्ड फीट

परळच्या आमच्या ऑफिसात पँट्री सांभाळणाऱ्या मावशी लालबागला आमच्याच चाळीत, खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या मालवणच्या. मला तिथे नोकरी लागली तेव्हा आईइतकाच आनंद त्यांना झाला होता.

एका सोमवारी चहात साखर जास्त पडली म्हणून साहेबांनी कप भिरकावला. कढत चहा मावशींच्या मनगटावर सांडला. वर साहेबांनीच तक्रार केली, बाई उद्धट आहे, बदलून द्या. केबिनमध्ये तिसरी फक्त मी होते. शुक्रवारी चौकशी ठरली.

"तू खरा काय ता सांग, बस," मावशी म्हणाल्या.

"सांगणार म्हणजे सांगणारच," मी म्हटलं. तेव्हा ते खरंही होतं.

बुधवारी साहेबांनी माझ्या आईची तब्येत विचारली. एरवी कधी विचारत नसत. गुरुवारी म्हणाले, "तुमचं कन्फर्मेशन माझ्याच टेबलावर आहे, बरं का." आवाजसुद्धा चढवला नाही. त्या संध्याकाळी मावशी भेटू नयेत म्हणून मी मागच्या जिन्याने घरी गेले. शुक्रवारी सुट्टी टाकली.

दुपारी ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. "आली का नाहीस गं? मावशी दाराकडे बघत बसल्या होत्या."

"आय गॉट कोल्ड फीट, यार," मी हसून म्हटलं. मराठीत 'घाबरले' म्हणावं लागलं असतं. इंग्रजीत ते सर्दी-पडशासारखं वाटलं, कुणालाही होणारं.

मैत्रिणीने मावशींना ते शब्दाला शब्द लावून सांगितलं असावं. संध्याकाळी मावशी दारात उभ्या. मनगटाला पट्टी, हातात वाटी.

"पाय थंड पडलेत म्हणान समाजला. भिरंडेल गरम करून हाडलंय. पाय हयसर कर."

आणि मी पाय पुढे केले! भाजलेल्या हाताने त्या माझ्या तळव्यांना कोकमाचं तेल चोळत होत्या. दुसऱ्या पायाला हात लावला तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"मावशी, पायांना काही झालेलं नाही. मी घाबरले."

त्यांचा हात थांबला. पदराला बोटं पुसत त्या उठल्या.

"मगे तसा सांगूचा होता," एवढंच म्हणाल्या.

त्यांची बदली अंधेरीला झाली. मी कायम झाले. चौकशीनंतरच्या सोमवारी जाऊन सगळं लिहून देता आलं असतं. तेही मी केलं नाही. मावशी अजून जिन्यात भेटतात, आईची चौकशी करतात. माझी करत नाहीत.