गुलाबाच्या पोटातली चादर

सोलापुरात सगळ्यात जास्त वेळा चोरीला गेलेलं डोकं आपलंच, असं चनबसप्पा छाती फुगवून सांगायचा. तीस वर्षं तो चादरींची डिझाइनं काढत होता. नवं डिझाइन मागावर चढायच्या आत कुमारशेठच्या कारखान्यातून तसलीच चादर बाहेर पडायची, वर स्वस्त. ते फुटायचं कुठून, देव जाणे.

यंदाचं मात्र शेवटचं होतं, मग घरी बसायचं. हे तरी फुटू द्यायचं नाही, असा म्हाताऱ्याने हट्टच धरला. मुलगी रुद्राणी कॉम्प्युटर शिकलेली. तिने डिझाइनच्या फोटोला पासवर्डचं कुलूप घातलं आणि तो ‘शुभ सकाळ’ लिहिलेल्या गुलाबाच्या चित्रात लपवला. बघणाऱ्याला नुसता गुलाब दिसावा. ती फाइल चनबसप्पाने आपल्या कारखान्याचे मालक सिद्धप्पा यांना मोबाईलवर धाडली आणि पासवर्ड त्यांच्या कानात सांगितला.

सिद्धप्पा म्हणजे आलेली शुभ सकाळ पुढे ढकलल्याशिवाय चहाला तोंड न लावणारा माणूस. हाही गुलाब त्यांनी सवयीने सगळ्या ग्रुपांवर ढकलला. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरून कुमारशेठने लगेच हात जोडले.

“गेलं! पार बोंबललं की गं!” चनबसप्पा घरभर नाचायला लागला.

“अप्पा, कुलूप हाय त्याला. त्यांना नुसता गुलाबच दिसतोय.”

आणि खरंच, कुणाला पत्ता लागला नाही. चादर पहिल्यांदाच मूळ कारखान्यातून आधी बाजारात आली. चनबसप्पाने गल्लीत पेढे वाटले.

मग तो रोज दुकानं पालथी घालायला लागला. चादर आता उघड्यावर टांगलेली, कुणीही फोटो काढावा. चालणारं डिझाइन बाजारात आठवडाभरही नकलेवाचून राहत नाही. चार महिने झाले तरी नक्कल कुठेच दिसेना.

“जमलं की अप्पा!” रुद्राणी खुशीत म्हणाली. अप्पाने त्या दिवशी तिच्याशी धड बोलणंही टाकलं.

शेवटी लाजलज्जा गुंडाळून त्याने ते डिझाइन कुमारशेठला उघडंच पाठवलं. उत्तर आलं नाही. आठवड्याने तो त्याच्या कारखान्यात जाऊन बसला. मागांवर सगळी दुसऱ्यांचीच डिझाइनं होती.

“माझं का न्हाय घेतलं?” त्याने विचारलंच.

कुमारशेठने मान खाली घातली. चोऱ्या उघड झाल्या तेव्हाही गडी इतका ओशाळला नव्हता. “अप्पा, खरं सांगू? आता कोण घेतंय असलं?”

चनबसप्पाला भर कारखान्यात रडू आलं.