भाऊसाहेबांच्या घराचं मागचं दार

धाकटा भाऊ बालीला जाऊन आला, वहिनीने दोनशे फोटो टाकले, आणि मी ठरवलं की आपणही जायचं. कुठे, तर गिरगावात. हसू नका. तिथल्या एका गल्लीत दीडशे वर्षांचं एक घर पॉलिश मारून, तिकीट लावून लोकांसाठी उघडलंय. प्रभादेवीहून बसने पाऊण तास, व्हिसा लागत नाही.

सोबतीला शेवंतामावशी. वरळी कोळीवाड्यातल्या. तीस वर्षं आमच्या दारी मासे आणले, आता गुडघे गेले म्हणून नुसत्या गप्पा मारायला येतात. घराचं नाव ऐकताच म्हणाल्या, "माजी आय त्या घरात म्हावरा द्यायची. मना पन ने."

बसमध्ये त्यांनी सगळी हकिगत सांगितली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस. गल्लीच्या तोंडाशी मोर्च्यावर लाठीमार सुरू झाला आणि माणसं या घराच्या ओट्याकडे धावली. तेव्हाचे मालक भाऊसाहेब. त्यांनी दार उघडलं नाही, वरच्या खिडकीतून विचारलं, "आपलं नाव? गाव कोणतं? आमच्याकडे कोणामार्फत आलात?" ही त्या घराण्याची रीतच होती. या तीन गोष्टी कळल्याशिवाय कुणाला आत घेत नसत. खाली लोक फुटलेली डोकी धरून आपापली गावं सांगत होते. मागे स्वयंपाकघराच्या दारात मावशींची आई, चांगुणाबाई, मासे साफ करत बसली होती. तिने काहीएक न विचारता मागचं दार सताड उघडलं, पंधरावीस माणसं आत लोटली, आणि शिपाई आला तेव्हा उंबरठा अडवून पुन्हा खवले काढायला लागली.

"म्हनली, साहेब, या की आत, पन खवले उडतील," मावशी सांगत होत्या. "त्याचा डगला व्हता नवा. गेला परत."

दुसऱ्या दिवसापासून चांगुणाबाईला ते घर बंद झालं. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चिखलाचे पाय उमटले होते ना!

"मरेपरेंत तेच बोलायची," मावशी म्हणाल्या. "त्या घरात तिचं नाव एकदा कुनीतरी घ्यावं, येवडंच माजं काम हाय."

आता जाणाऱ्यांसाठी सूचना. चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा बंदांचे बूट नकोत. ज्येष्ठांना तिकीट निम्मं, पण आधार कार्ड दाखवून. मावशींकडे बघूनही त्यांच्या वयाचा पुरावा मागितला गेला. दारातच एक जाडजूड वही असते, तिच्यात तीन रकाने: नाव, गाव, कोणामार्फत. शेवटच्या रकान्यात सगळ्यात वर कुणीतरी 'ऑनलाइन' लिहिलं होतं आणि खालच्या प्रत्येकाने दोन-दोन टिकल्या मारून 'वरीलप्रमाणे' उरकलं होतं. आम्हीही उरकलं.

"ही आमच्या घराण्याची परंपरा," भाऊसाहेबांचे पणतू म्हणाले. घर तेच दाखवतात, इस्त्रीचा लिनन कुडता घालून. "पहिल्या वहीपासून आजपर्यंत आम्ही एकही पान फाडलेलं नाही."

घर सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? सागवानी जिना, रंगीत काचा, झुंबर. बारा खुर्च्या, बाराही खुर्च्यांवर 'बसू नये'. काचेच्या पेटीत खापरपणजोबांची पिकदाणी, तिच्यावर वेगळा दिवा. मग पितळी पाटी आली. लढ्याच्या काळात भाऊसाहेबांनी स्वहस्ते दार उघडून सत्याग्रहींना आसरा दिला, असं तिच्यावर कोरलंय. पणतूंनी ती डोळे मिटून म्हणून दाखवली. मी मावशींकडे बघितलं. त्या पिकदाणीकडे बघत होत्या.

शेवटी स्वयंपाकघर. मागच्या दाराच्या दगडी उंबरठ्यावर एक लांब खाच आहे आणि शेजारी चिठ्ठी: 'लाठीमाराची खूण'. लाठीने दगड कापणारा हा शिपाई पोलिसात कशाला राहिला, खाणीत चांगला पगार मिळाला असता.

मावशी दोरीखालून वाकून सरळ उंबरठ्यावर बसल्या आणि खाचेत अंगठा घातला.

"लाठी कसली! माजी आय हितं कोयत्याला धार लावायची. डावरी व्हती, म्हनून खाच उलटी उतरलीय. बगा."

"आजी, हे तज्ज्ञांनी तपासलंय," पणतू म्हणाले.

"त्यांनी कदी म्हावरा कापलाय?"

मग मी सगळी हकिगत सांगितली. पणतूंनी शांतपणे ऐकून घेतली. "असेलही. पण आमच्याकडे त्याची लेखी नोंद नाही हो."

मला संताप आला. दगडावर नोंद होती, तिच्यावर यांनीच चिठ्ठी लावली होती! पण मावशी चिडल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि थेट बाहेरच्या वहीपाशी गेल्या.

"बाय, लिही. नाव चांगुनाबाई. गाव वरली कोलीवाडा."

"कोणामार्फत?" मी विचारलं.

"मागच्या दारानं."

"अहो, पण त्या आज आलेल्याच नाहीत!" पणतू म्हणाले.

"त्या दिवसाचं लिवायचं राहिलं व्हतं."

पणतूंनी पानाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. पान फाडायची त्यांच्याकडे परंपरा नव्हती.

नंतर जवळच्या खानावळीत जेवलो. सोलकढी उत्तम. सुरमईबद्दल मावशी म्हणाल्या की ही बिचारी दोनदा मेलीय. परतीच्या बसमध्ये त्या झोपल्या, आणि मला वाटत राहिलं की एवढ्यासाठी त्यांचे गुडघे दुखवले.

पंधरा दिवसांनी माझी मैत्रीण तिथे जाऊन आली. पाटी तीच, लाठीची चिठ्ठीही तीच. तिने वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. चांगुणाबाईच्या खाली पुढच्या सगळ्या पाहुण्यांनी, काही न वाचता, शेवटच्या रकान्यात 'मागच्या दारानं'खाली दोन-दोन टिकल्या मारल्या होत्या. ठाण्याचे डॉक्टर, पुण्याचे प्राध्यापक, एक अख्खं भिशी मंडळ. मावशींना वाचता येत नाही, म्हणून मी एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि म्हटलं, "मावशी, या सगळ्यांना तुमच्या आईने आत घेतलंय."

मावशींनी फोटोवर बोट ठेवलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पाय पुसून जा म्हनावं. गालिचा हाय तिथं."