मुळीबाईंची पश्चावस्था

आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या पर्समध्ये कांदा असायचा. रुमाल, बसचा पास, चष्म्याचं घर हे सगळं वर, आणि तळाशी एक-दोन कांदे. त्यामुळे बाई वर्गात येण्याआधी त्यांचा वास यायचा आणि मागच्या बाकांवरची मस्ती आपोआप थांबायची. नाशिकमध्ये कांद्याचं कौतुक कुणाला नाही? पण ते मार्केट यार्डात. कांदा शाळेत आणून, पाण्याच्या ग्लासवर बसवून, बुडाशी मुळ्या फुटायची वाट बघणाऱ्या बाई आमच्याच. प्रयोगशाळेच्या खिडकीत असे ग्लास ओळीनं मांडलेले असायचे आणि शिपाईकाका त्यांना रोज नवं पाणी घालायचे, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता.

त्यांना आम्ही मुळीबाई म्हणायचो. एक तर त्या मुळ्यांमुळे, आणि दुसरं त्यांच्या उत्तरामुळे. बाई, आज लवकर सोडता का? "मुळीच नाही." बाई, हा धडा परीक्षेला नसतो ना? "मुळीच नसतो असं मुळीच नाही." एकदा कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मुळीबाई' लिहून ठेवलं. बाईंनी ते पुसलं नाही. शेजारी मुळीची छान आकृती काढली, टोकाला बाण केला आणि लिहिलं, 'येथे पेशीविभाजन चालते.' त्या दिवसापासून नाव चोरून घ्यायची गरज उरली नाही.

दहावीचं वर्ष म्हणजे घरोघरी एकच विषय, मार्क. त्यात एका शनिवारी बाई म्हणाल्या, "सोमवारी गुणसूत्रं शिकवणार आहे. कुणी बुडवायचं नाही." झालं. आमच्या वर्गातल्या संदीपनं याचा सरळ अर्थ लावला. गुण म्हणजे मार्क, सूत्र म्हणजे फॉर्म्युला. बाई मार्कांचा फॉर्म्युला सांगणार, ही बातमी रविवारी म्हसरूळपासून मखमलाबादपर्यंत पोचली. सोमवारी वर्गात मुंगी शिरायला जागा नव्हती. शेजारच्या तुकडीची मुलं खिडकीला लटकलेली आणि एका मुलीची आई चक्क बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसलेली. बाई खुशीत येऊन फळ्यावर वाकडेतिकडे धागे काढू लागल्या. थोडा वेळ वाट बघून संदीप म्हणाला, "बाई, ते नंतर काढा ना. आधी सूत्र सांगा."

"कसलं सूत्र?"

"गुणांचं. नव्वदच्या वर कसे पाडायचे ते."

बाईंना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर मात्र त्या टेबल धरून हसल्या, खडू हातातून पडला तरी हसत राहिल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अरे, इथे सूत्र म्हणजे धागा. आणि गुण म्हणजे तुझं नाक, तुझा रंग, तुझे हे कुरळे केस. ते आईवडिलांनी या धाग्यांवरून तुला पाठवले. मार्क मात्र कुणी पाठवत नाही, ते तुझे तुलाच आणावे लागतील." कट्ट्यावरच्या आईला त्यांनी आत बोलावून पहिल्या बाकावर बसवलं. ती तास संपेपर्यंत बसली, आणि जाताना म्हणाली की शिकवलेलं सगळं कळलं, फक्त मार्कांचं राहिलं.

पालकसभेत बाई प्रगतिपुस्तकाआधी पालकांचे कान बघायच्या. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, हे पाहून कोण कुणाचे वडील ते ओळखायच्या. एकदा एक गृहस्थ तावातावानं आले, मुलाला विज्ञानात मार्क कमी का म्हणून. बाईंनी शांतपणे त्यांचा कान बघितला, मुलाचा बघितला आणि म्हणाल्या, "पाळी अगदी तुमचीच आहे हो." गृहस्थ घरी पोचेपर्यंत कान चाचपत गेले असं मुलगाच सांगत होता.

पेशीविभाजन शिकवायला त्यांनी चार्ट आणला नाही. विचारलं, "कुणाकुणाच्या घरी वाटणी झालीय?" वर्गातली निम्मी मुलं मळ्यातली. पटापट हात वर गेले. "बाई, आमच्याकडं दीड एकरच राहिलं." "आमची हीर चुलत्याकडं गेली. पानी मागावं लागतंय." बाई म्हणाल्या, "माणसं आहे तेच कापतात, म्हणून भांडतात. पेशी शहाणी आहे. ती आधी सगळं दुप्पट करते आणि मग वाटते. दोघींना पुरेपूर मिळतं." आधी दुप्पट, मग वाटणी. हे वाक्य वर्गात इतकं रुळलं की डब्यातला एक बटाटेवडा दोघांत करायची वेळ आली की कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं ते म्हणायचंच. वडा काही दुप्पट व्हायचा नाही.

पुस्तकात या वाटणीच्या चार अवस्था दिलेल्या होत्या. पहिलीत गुणसूत्रं जाड होऊन दिसू लागतात, दुसरीत पेशीच्या मधोमध रांगेत उभी राहतात, तिसरीत सुटून दोन बाजूंना ओढली जातात आणि चौथीत एकीच्या दोन पेशी होतात. तिसरीचं नाव पश्चावस्था. ती सगळ्यांत कमी वेळ टिकते. बाई ती फळ्यावर काढताना जरा जास्तच वेळ घ्यायच्या, समोरासमोर धरलेले केळीचे दोन घड काढावेत तशी. आणि एकदा काढता काढता सहज म्हणाल्या, "ही मी अजून बघितलेली नाही."

आम्हाला खरं वाटेना. पण खरंच होतं. शाळेत त्यांच्या वेळी सूक्ष्मदर्शक नव्हता, कॉलेजात एकावर दहा जणी. नोकरीला लागल्यापासून दर वर्षी त्या कांद्याची मुळी कापत होत्या. बाकीच्या तिन्ही अवस्था केव्हा ना केव्हा दिसल्या होत्या, ही एकच हुलकावणी देत होती. संदीप म्हणाला, "बाई, तयार स्लाइड विकत भेटती की." बाई म्हणाल्या, "तयार स्लाइड म्हणजे लग्नाचा अल्बम. मला मांडवात उभं राहायचंय." ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मार्चनंतर बाईंना सूक्ष्मदर्शक मिळणार नव्हता, हे आमच्याही लक्षात आलं आणि मग तो हट्ट एकट्या बाईंचा राहिला नाही.

शनिवारची शाळा सुटली की आम्ही काही जण थांबायचो. मुळीचं टोक कापायचं, कोमट आम्लात मऊ करायचं, लाल रंगात बुडवायचं, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबायचं. "घासू नका. पोळी लाटायची नाही, शिक्का मारायचाय," असं बाई बजावायच्या. त्या रंगानं त्यांची बोटं कायम लाल असत. आम्ही आळीपाळीनं भिंगाला डोळा लावायचो, आणि दिसायच्या त्या नुसत्या स्वस्थ बसलेल्या पेशी. एकीलाही वाटणीची घाई नाही.

कांदे यायचे नामपूरहून, बाईंच्या माहेराहून. त्यांचे भाऊ कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्यातले निवडक, घट्ट, चकचकीत कांदे बहिणीसाठी धाडायचे. बाईंना त्यांचा फार अभिमान. "सहा महिने ठेवा, कोंब येणार नाही," असं कौतुकानं सांगायच्या. दिवाळीनंतर एकदा भावाची पिशवी आली नाही. मी घरातून एक लाल कांदा नेला. आई तो फेकायलाच निघाली होती, मऊ पडलेला, वरून हिरवा कोंब आलेला. बाईंनी तो दोन बोटांत धरला.

"हा कांदा कुणी विकत घेतला?"

"आईनं. फसवलं म्हणत होती."

बाईंनी नाइलाजानं तो ग्लासवर ठेवला. दोन दिवसांत त्याला पांढऱ्याशुभ्र मुळ्यांची दाढी फुटली. शेजारी जुने नामपूरचे कांदे आठवडाभर ढिम्म बसलेले. बाई कमरेवर हात ठेवून त्या दोघांकडे बघत राहिल्या आणि मग स्वतःच्याच कपाळावर हलकी चापट मारून घेतली. "मी कांदेवाल्याची लेक ना. चांगला कांदा म्हणजे टिकणारा, हेच डोक्यात. अगं, टिकतो याचा अर्थच हा की त्यात काही चाललेलं नाही. इतकी वर्षं मी झोपलेल्यांच्या दारात वाट बघत बसले." एवढी मोठी चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्या शनिवारी भिंगाला डोळा माझा होता. खिडकीतलं ऊन आरशावर घेऊन मी काच जराशी सरकवली आणि थांबले. लाल धाग्यांचे दोन पुंजके, समोरासमोर, मध्ये मोकळी जागा.

"बाई," मी डोळा न हलवता म्हटलं, "दोन घड दिसतायत."

सगळे टेबलाकडे धावले. मग बाईंचा आवाज आला, "ऊठ हळूच. टेबलाला धक्का नको. रांग लावा."

"बाई, आधी तुम्ही."

"मुळीच नाही. मी आयुष्यभर चित्रावर भागवलं. तुम्ही आधी बघा."

मला त्यांचा राग आला, खरंच आला. काचेच्या कडेनं रंग वाळू लागला होता, बुडबुडे आत सरकत होते. ऊन पण खिडकीतून कलत होतं. रांगेतला प्रत्येक जण बघून "आयला, हे लय भारी" म्हणेपर्यंत माझा जीव वरखाली होत होता. शेवटी बाईंनी चष्मा काढला आणि वाकल्या.

बाईंचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं. नामपूरकडची अहिराणी आम्ही त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. त्या दिवशी भिंगावर वाकलेल्या बाईंनी एक हात हवेत धरला, माझा खांदा सापडल्यावर तो घट्ट पकडला आणि म्हणाल्या, "शे वं माय, शे. चालनात दोन्हीकडे." आहे गं बाई, आहे. निघालेत दोन्हीकडे. एवढंच, पुन्हा पुन्हा. अहिराणी न येणाऱ्यांनाही ते कळलं.

सोमवारी बाईंनी पेढे आणले. मुख्याध्यापकांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "वा, नातू की नात?" बाई म्हणाल्या, "पेशी. एकीच्या दोन झाल्या." मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या आणि नामपूरला राहायला गेल्या.

मी आता पिंपळगावला एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात काम करते. सूक्ष्मदर्शकाशी पुन्हा संबंध आला नाही. पण ते दोन घड आठवले की मला आजही आनंद होतो, आणि तो आनंद माझ्याइतकाच बाईंचा आहे. मागच्या महिन्यात त्यांचा नंबर मिळाला. फोन भावजयीनं उचलला, म्हणाली, "वन्संना आता नावं ध्यानात राहत नाहीत हं, वाईट वाटून घेऊ नका." मग बाईंचा आवाज आला, थोडा बारीक झालेला.

"कोण?"

"बाई, मी वैशाली. तुमची विद्यार्थिनी."

"वैशाली... कुठली गं?"

मी शाळेचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, आडनाव सांगितलं. बाई प्रत्येक वेळी नुसतं "बरं" म्हणत गेल्या. मी आता नमस्कार सांगून फोन ठेवावा म्हणत होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पश्चावस्थेची का?"

"हो बाई."

"मग तसं सांग की आधी," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा वर्गात टेबल धरून हसल्या होत्या तशा हसायला लागल्या.