आतोबांचं ‘वेअर’

इंग्रजी भाषेवर एवढं प्रेम करून पुन्हा तिच्याशीच एवढं भांडलेला माणूस आमच्या पालघर तालुक्यात दुसरा झाला नसेल. हे आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पालघरजवळच्या माहीमला त्यांची केळीची वाडी होती आणि शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत झालेलं. पण साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, परदेशी साहेबांच्या मोटारी बोईसरच्या रस्त्यावर दिसू लागल्या, आणि आतोबांनी पन्नाशीत इंग्रजी शिकायला घेतलं. मी पालघरच्या शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे दर रविवारी मला त्यांच्याकडे चहा मिळे आणि चहाबरोबर उलटतपासणी.

त्यांचं खरं वैर एका क्रियापदाशी. “आपण धोतर नेसतो, टोपी घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, चष्मा लावतो. बायका गजरा माळतात. आन तुमचा साहेब? टोपी वेअर, बूट वेअर, चष्मा वेअर, अत्तरसुद्धा वेअर. एवढं राज्य केलं, आन क्रियापद एकच?” मी समजावलं की अंगावर चढवताना ‘पुट ऑन’ आणि चढवून झाल्यावर ‘वेअर’. पुढच्या रविवारी गेलो तर आतोबा धोतर नेसता नेसता ओटीवर आले, निऱ्या तशाच हातात. “निऱ्या खोचायच्या ऱ्हायल्या हायत. आता मी पुट ऑन हाय का वेअर?” आतून आत्या म्हणाली, “आदी नेसा. शेजारीण आलीय.”

अशात एका साहेबाची बायको माहीमचा समुद्र बघायला आली आणि केळी घ्यायला वाडीत थांबली. आतोबांच्या इंग्रजीला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. लेकीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांनी तिला तिथेच देऊन टाकलं. आता तिच्याशी बोलणार कोण, तर आतोबा. साऱ्या गावाला त्यांनी तसं सांगून ठेवलेलं. ती आली तेव्हा कासार बांगड्या भरत बसला होता. मडमेचे हात मोकळे राहू नयेत असं आत्याला वाटलं. सगळं माजघर ऐकत होतं. आतोबांनी घसा साफ केला. ‘वेअर’ हा शब्द काही झालं तरी वापरायचा नव्हता. “मॅडम, माय वाइफ वॉन्ट्स टु फिल युअर हँड्स.”

मडमेने आनंदाने ओंजळ पुढे केली.

आतोबा कासाराकडे बोट दाखवू लागले. शेवटी आत्याने ती ओंजळ सोडवली, एक हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, “हात ढिला सोड गो बाय.” बाईने सोडला. कासाराने हिरवा चुडा चढवला, आणि जेवणं होईपर्यंत मडम हात हलवून तो वाजवत राहिली.

मग ती वरचेवर येऊ लागली, थेट स्वयंपाकघरात. दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलत. आतोबा उंबऱ्यावर बसून, कोणी मागितलेलं नसताना, भाषांतर करत.

बांधकाम संपत आलं तशी एक दिवस ती निरोप घ्यायला आली. मी आतोबांच्या शेजारीच होतो. आम्ही मायदेशी निघालो, आता इकडे पुन्हा येणं होणार नाही, असं ती म्हणाली.

“काय म्हणते?” आत्याने विचारलं.

आतोबा म्हणाले, “परत येईन म्हणते.”

“मग सांगा तिला, तवा एक लोंगर केळी राखून ठेवीन.”

हे मात्र त्यांनी शब्दन्‌शब्द बरोबर सांगितलं. बाईने माझ्याकडे पाहिलं, मग आतोबांकडे. मान डोलावली, आणि आत्याचा हात बराच वेळ सोडला नाही.