बोर्डवाल्या काकांची संध्याकाळ

लोकांच्या घरात नाक खुपसू नये हे मला कळतं, पण वळत नाही. त्यात समोरच्याच दारात बोर्डवाले काका राहतात, मग काय करावं माणसानं! दिवसभर हा माणूस रस्त्यावरच्या उंच चौकटींवर चढून जाहिराती बदलतो आणि घरी मात्र टीव्ही नाही, रेडिओ नाही, फोन आहे तोही जुना बटणांचा. बायको गेल्यापासून एकटेच. मग संध्याकाळभर करतात तरी काय?

हाच प्रश्न त्यांच्या मुलीलाही पडला होता, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. फोनवर म्हणाली, "मावशी, बाबांना विचारलं की म्हणतात, मजेत आहे. एकटा माणूस मजेत कसा असेल? डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला? मी रविवारी येते आणि त्यांना कायमचं इकडे घेऊन येते. तोवर तुम्ही लक्ष ठेवा आणि खरं काय ते मला सांगा."

म्हणजे मला आता परवानाच मिळाला. त्याच संध्याकाळी वाटी घेऊन साखर मागायला गेले. घरी डबा काठोकाठ भरलेला होता, हे सांगायला नको.

काका खिडकीपाशी जमिनीवर बसून दाभणानं जुना फ्लेक्स शिवत होते. चित्राची बाजू आत, पांढरी बाहेर. कोपऱ्यावरच्या फळवाल्याच्या गाडीला छप्पर हवं होतं म्हणे. मधेच हात थांबवून बाहेर बघायचे, काहीतरी बेसूर गुणगुणायचे, पुन्हा टाका घालायचे.

"चित्र आत का हो?"

"त्याला स्वतःची फळं विकायचीत, वहिनी. दुसऱ्याचा साबण डोक्यावर कशाला?"

"रोज एवढ्या जाहिराती लावता, कधी काही घ्यावंसं वाटत नाही?"

ते हसले. "खालून बाई हसताना दिसते. वर गेलं की तिचा एक दात माझ्याएवढा! त्या दाताशेजारी उभं राहून दोऱ्या आवळायच्या नि उतरायचं. नुसता दात बघून कोण काय विकत घेईल?"

मी हसत सुटले. त्यांनी फ्लेक्सचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "जरा ताणून धरा." मी धरलं. फळवाल्याच्या गप्पा निघाल्या, माझ्या सुनेच्या निघाल्या. घरी आले तेव्हा माझी मालिका कधीच संपली होती आणि वाटी तिकडेच राहिली होती.

रविवारी मुलगी आली ती भलीमोठी सुटकेस घेऊन. जिन्यातच मला गाठलं. "सांगा मावशी, खरं सांगा."

"खरं सांगू? मला तर त्यांचा हेवा वाटला."

तिला ते काही पटलं नाही. ती तरातरा आत गेली. मी अर्थातच मागोमाग.

"बाबा, सामान काढा."

"काढतो. आधी हे टोक धर."

तिनं चिडूनच धरलं. पर्समध्ये मोबाइल वाजला, हात मोकळे नव्हते. पुन्हा वाजला आणि मग गप्प झाला. काका टाके घालत राहिले.

"आई असताना टोक कोण धरायचं?" तिनं विचारलं.

"तीच. तू तेव्हा मावशींकडे टीव्ही बघायला गेलेली असायचीस."

मुलीचे डोळे घळाघळा वाहायला लागले. पुसायलाही हात मोकळा नव्हता, पण तिनं टोक सोडलं नाही.

संध्याकाळी सुटकेस परत गेली. आत काकांचे कपडे नव्हते, दोघांनी मिळून तिच्या बाल्कनीसाठी शिवलेला फ्लेक्सचा पांढरा पडदा होता. हल्ली ती दर रविवारी येते आणि त्या दिवशी मला टोकाला हातसुद्धा लावू देत नाही.